कुसळीचे सोयरे
माळावर पायजम्यात घुसणारी कुसळी ही ऊस, ज्वारी, मका, गवती चहा यांची भाऊबंद. मारवेलही त्यातलंच. सगळी अँड्रोपोगोनी गटातली.

नुसत्या पानांवरून गवत ओळखायला जाऊ नका, फसाल. भिंगातून तुरा बघा. या गटात कणिशकं बहुधा जोडीनं असतात: एक बिनदेठाचं, दुसरं देठाचं. कुसळीच्या टोकाकडच्या जोड्यांत बिनदेठाच्यालाच लांब कुसळ असतं. ते वाळलं की पीळ खातं, भिजलं की उलगडतं. या फिरण्यानं अणकुचीदार बी मातीत शिरतं. (मेंढीच्या अंगातसुद्धा!)

या मंडळींचं प्रकाशसंश्लेषण सी-फोर पद्धतीचं, म्हणून ती कडक उन्हातही जोमात. भात मात्र या घरातला नव्हे. तो बांबू-गव्हाच्या बाजूचा.