शेलचा ठावठिकाणा

नाशिक रोडहून मनमाडकडे निघालेल्या गाडींत एखादा प्रवासी डोळे मिटून बसला आहे, अशी कल्पना करावी. गाडी थांबली, कीं तो एकेक स्टेशन मोजतो: ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे आणि चौथें निफाड. गाडीनें मध्येंच एक स्टेशन न थांबतां ओलांडलें, तर चौथ्या थांब्याला उगांव येतें आणि हा गृहस्थ निफाड समजून खालीं उतरतो. मोजणी चोख असूनहि चूक होते, कारण फलाटावरची पाटी त्यानें वाचलेली नसते.

संगणकावरील ईमॅक्स या एडिटरांत नेमकें असेंच घडतें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८४ सालीं ग्नू ईमॅक्सचें लेखन आरंभिलें. त्यांत मजकूर लिहितां लिहितां शेलहि चालवितां येतो. शेल म्हणजे आज्ञा घेऊन संगणकाकडून काम करवून घेणारा कारभारी. तो नेहमीं कोणत्या तरी एका डिरेक्टरींत, म्हणजे फायलींच्या दालनांत, उभा असतो आणि ‘सीडी’ ही आज्ञा मिळतांच दुसऱ्या दालनांत जातो. परंतु शेल व एडिटर हे दोन स्वतंत्र कार्यक्रम होत. एकाचें स्थलांतर दुसऱ्यास आपोआप कळत नाहीं. म्हणून ईमॅक्स शेलला दिलेली आज्ञा वाचतो आणि तींत ‘सीडी’, ‘पुशडी’ किंवा ‘पॉपडी’ हे शब्द आढळले, कीं आपली नोंद बदलतो. वापरणाऱ्यानें सोयीसाठीं त्याच आज्ञेला निराळें नांव दिलें असेल, तर शेल पुढें जातो आणि एडिटर मागेंच राहतो.

हा दोष क्षुल्लक नव्हे. निफाडच्या एखाद्या कांदा-व्यापाऱ्याच्या दप्तरांत ‘निफाड’ व ‘उगांव’ अशा दोन डिरेक्टऱ्या असून दोहोंत ‘हिशेब’ याच नांवाची फाईल आहे, असें धरूं. शेल उगांवांत गेला, एडिटरची नोंद मात्र निफाडचीच राहिली. अशा वेळीं कारकुनानें एडिटरांत ‘हिशेब’ उघडला, तर निफाडचा उघडतो आणि उगांवचे आंकडे त्यांत जतन होतात. कसलाहि इशारा मिळत नाहीं.

संशय आल्यास प्रथम शेलला ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा द्यावी आणि ईमॅक्सलाहि त्याच नांवाची आज्ञा द्यावी. दोघांचीं उत्तरें भिन्न आलीं, तर रोग निश्चित झाला. तात्पुरता उपाय ‘शेल-रीसिंक-डिर्स’ हा होय; त्यायोगें एडिटर शेललाच ठिकाण विचारून नोंद सुधारतो. मात्र शेलमध्यें दुसरा कार्यक्रम चालूं असतां ती आज्ञा देऊं नये. प्रश्न त्या कार्यक्रमाच्या हातीं पडतो.

कायमचा उपाय ‘डिरट्रॅक’ हा आहे. प्रत्येक आज्ञेनंतर शेल एक प्रॉम्प्ट छापतो. त्यांत डिरेक्टरीचा संपूर्ण मार्ग छापण्याची व्यवस्था करावी, तो मार्ग ओळीत कोठें असतो हें ‘डिरट्रॅक-लिस्ट’मध्यें सांगावें आणि जुनी मागोवा-पद्धति बंद करावी. केवळ शेवटचें नांव छापून भागत नाहीं. इतकें करूनहि नोंद जुळत नसेल, तर ‘डिरट्रॅक-डीबग-मोड’ सुरू करावा. प्रॉम्प्टमधून काय वाचलें गेलें, हें तो लिहून दाखवितो.

दिलेल्या आज्ञेवरून केवळ हेतु कळतो. ठिकाण कळावयास पाटीच वाचावी लागते.