हात न सोडता उघडणारी काच

बालाघाटहून बैहरकडे निघालं की भरवेलीची मँगनीजची खाण मागे पडते आणि थोड्याच वेळात गांगुलपाऱ्याचा घाट लागतो. दोन्ही बाजूंना जंगल, वळणामागून वळण, समोरून लादलेले ट्रक. पौषातल्या पहाटे इथे दुचाकीवाल्याला थंडीपेक्षा जास्त छळते ती हेल्मेटची काच. बंद ठेवली तर श्वासाची वाफ धरून रस्ता दिसेनासा होतो. वर केली तर वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर, डावा क्लचवर. काचेसाठी त्यातला एक सोडावाच लागतो. ताशी 40 किलोमीटरने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, म्हणजे काचेशी दोन सेकंद खटपट केली की 22 मीटर एका हातावर.

मोटरवर उघडमीट होणाऱ्या काचेचा विचार या अडचणीतून आला. हेल्मेटचं कवच आजवर पुष्कळ सुधारलं. 1935 साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्या उपचारांत सहभागी असलेले मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न लावून धरला आणि 1941 मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर शोधनिबंध लिहिला. आपल्याकडे 1 जून 2021 पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. काच मात्र अजून बोटानेच ढकलायची.

मोटर बसवणं वाटतं तितकं सोपं नाही. काच कानशिलांजवळच्या दोन खिळींवर फिरते. एकाच बाजूने जोर लावला तर पातळ पॉलिकार्बोनेट पिळवटतं आणि दुसरी कड मागे राहते. चांगल्या हेल्मेटची काच मिटताना किंचित आत ओढली जाऊन रबरी पट्टीवर घट्ट बसते, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. उघडताना मोटरला आधी हीच पकड सोडवावी लागते. शिवाय वारा. ताशी 80 च्या वेगात, वीतभर रुंद आणि चार-साडेचार इंच उंच काचेवर समोरून साधारण पाऊण किलोचा दाब येतो. वेग निम्मा केला तर दाब चौथाईवर येतो. म्हणून गाव आलं, गाडी हळू झाली, की काच उघडणं हलकं काम होतं.

सगळ्यात नाजूक प्रश्न मोटर ठेवायची कुठे हा. आतला थर्माकोल चेपला जाऊन धक्का गिळतो, तेव्हा डोकं वाचतं. त्यात मोटर आणि बॅटरीसाठी खड्डे कोरले, तर कानशिलापाशी, जिथे हाड पातळ, तिथेच कठीण धातू येऊन बसतो. माझ्या मते अशा हेल्मेटची परीक्षा इथूनच सुरू व्हावी, किती झटकन उघडतं यावरून नव्हे.

वेल्डिंगवाल्यांनी वेगळी वाट धरली. 1981 मध्ये स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीने आपोआप काळी पडणारी वेल्डिंगची काच आणली. ठिणगी पेटताच आतला द्रवस्फटिकाचा थर प्रकाश अडवतो. काही हलत नाही, हात मोकळे राहतात. उन्हासाठी ही युक्ती दुचाकीच्या काचेलाही लागू पडते. वाफेला मात्र तिचा उपाय नाही, तिथे हवाच आत यावी लागते.

ती तरी किती? काच चार-पाच मिलिमीटर उचलली की पुरते. बऱ्याच हेल्मेटना पहिला खाचा असतो तो एवढ्यासाठीच. मला वाटतं, मोटरने सगळी काच उचलण्याचा हट्ट सोडून हा पहिला खाचा तेवढा सांभाळावा. आतला दमटपणा वाढला की फट उघडावी, वाफ गेली की मिटावी. मोटर लहान, बॅटरी लहान, कोरायचा खड्डाही लहान. आणि मोटर नि काच यांच्यामध्ये असा जोड हवा, की बॅटरी संपली, मोटर अडकली किंवा अपघात झाला, तरी मदतीला धावलेल्या कुणालाही काच बोटाने वर करता यावी.