मनिऑर्डर आणि माया

मूल सांभाळण्याचे पैसे घेतले की माया खोटी ठरते काय? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. एका फ्रेंच कादंबरीने त्याचा फार खोलवर विचार केला आहे.

कादंबरीचे नाव 'ला व्ही दव्हाँ स्वा'. सारे आयुष्य पुढे आहे, असा त्याचा अर्थ. १९७५ साली ती एमिल आजार या टोपणनावाने निघाली आणि तिला गोंकूर पारितोषिक मिळाले. खरे लेखक रोमँ गारी, हे जगाला कळले ते १९८० साली ते वारल्यानंतर.

पॅरिसच्या बेलव्हील वस्तीत, लिफ्ट नसलेल्या घराच्या सहाव्या मजल्यावर मादाम रोझा राहते. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेली ही ज्यू बाई. पूर्वी देहविक्रय करी, उतारवयात त्याच धंद्यातल्या बायकांची मुले पैसे घेऊन सांभाळते. त्यांतलाच मोमो हा अरब मुलगा. त्याची आई बापाच्याच हातून मेलेली. पुढे बापही मरतो. आपल्यासाठी दरमहा मनिऑर्डर येते हे लहानपणी कळते, तेव्हा मोमो रात्रभर रडतो. माया असेल तर पैसे कशाला, असे त्याला वाटते.

पुढे मनिऑर्डर बंद पडते. रोझा त्याला घालवून देत नाही. तिचे शरीर थकते, मन भरकटते. आता मोमोच तिची उस्तवार करतो. इस्पितळात नुसते जिवंत ठेवले जाण्याची तिला धास्ती. म्हणून तो तिला तळघरातल्या तिच्या लपण्याच्या खोलीत नेतो आणि शेवटपर्यंत, नव्हे शेवटानंतरही, तिच्यापाशी बसून राहतो.

यावर कोणी म्हणेल, पाहा, खरी सेवा फुकटच असते! आम्हांला ते मान्य नाही. मनिऑर्डर होती म्हणून चूल पेटली, आणि चूल पेटली म्हणून माया जडायला दिवस मिळाले. पैसे कामाचे होते. मायेची ती किंमत नव्हती.

आपल्याकडे अंगणवाडी सेविकेच्या मोबदल्याला 'मानधन' म्हणतात. वेतन म्हटले तर जणू सेवेला बट्टा लागेल. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याने कोणत्या सेविकेची माया आटली?

दुसऱ्यांची मुले वाढवणाऱ्या रोझाच्या उशाशी अखेर एक पोर उरले, तेही नशिबाने. समाजाने म्हातारपण नशिबावर सोडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.