सभासद-यादीतला शोध आता सुरक्षित

मंडळाच्या संकेतस्थळावर आडनाव, गाव आणि रक्तगट देऊन सभासद शोधता येतात. पूर्वी आपण भरलेला मजकूर आम्ही थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडत होतो. रोमन लिपीत 'डिसोझा' लिहिताना येणाऱ्या एकेरी अवतरणचिन्हाने ते वाक्य मध्येच तुटे आणि शोध बंद पडे. त्याच फटीतून कोणी खोडसाळ अट घुसवली असती, तर सर्वांचे फोन नंबर बाहेर गेले असते.

आता वाक्यात प्रत्येक मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह असते. मूल्ये त्याच क्रमाने वेगळी पाठवतो. डेटाबेस त्यांना हुकूम न समजता निव्वळ मजकूर समजतो. तीन गावे निवडली, तर गावासाठी तीन प्रश्नचिन्हे. रिकामा रकाना वाक्यातून गाळतो.

रात्री-अपरात्री रक्तदाता शोधावा लागतो, म्हणून आपली माहिती अद्ययावत ठेवावी, ही विनंती.