नव्या कानाची ओळख

आमच्या थोरल्या बंधूंच्या कानावर २०१९ साली कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून संस्थेचे सभासद भेटले की विचारतात, "काय, दादांना आता ऐकू येतं न्हवं?" या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर द्यावे, असे आम्ही ठरविले.

दादांची उमेदीची वर्षे शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या फेटलिंग खात्यात गेली. ओतीव मालाच्या कडा दिवसभर ग्राइंडरने घासायच्या. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद कारखाना अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून होती. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादाही नियमांत होती. पण कानात बोळे घालणाऱ्याची खात्यात चेष्टाच व्हायची, असे दादा सांगतात. हळूहळू त्यांना 'स', 'श', 'फ' ही अक्षरे ओळखू येईनाशी झाली. अशा बहिरेपणाला बहुधा साधे श्रवणयंत्र पुरते, आणि त्यांचेही त्यावर भागत होते. पुढे २०१९ च्या आरंभी त्यांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान पूर्ण गेले.

येथे कानाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे विद्युत संदेश करून त्या मज्जातंतूंकडे देतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करते, म्हणून पेशीच नसतील तर त्याचा उपयोग होत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून थेट मज्जातंतूला वीज देते. कानामागे लावलेले यंत्र आवाज टिपते, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती तो कातडीखालच्या यंत्राकडे पाठविते आणि तेथून बारीक तार शंखात शिरते. या तारेवर कुठे १२ तर कुठे २२ विद्युतअग्रे असतात. सोळा हजार पट्ट्यांची पेटी बावीस पट्ट्यांवर वाजवायची, असा हा प्रकार आहे.

ही तार शंखाच्या वळणात शिरवायची कशी, हे कोडे ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रेम क्लार्क यांना समुद्रकिनारी एक शिंपला आणि गवताची काडी हाताळताना सुटले. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली काडी वळणातून आत जात होती. क्लार्क यांचे वडील स्वतः कमी ऐकत. १९७८ साली मेलबर्न येथे त्यांनी रॉड सॉन्डर्स यांच्या कानात असे यंत्र बसविले. चाचणीत राष्ट्रगीत वाजविले तेव्हा सॉन्डर्स उठून उभे राहिले.

मेंदूज्वराच्या रुग्णाला एक धोका असतो आणि तो आम्हाला फार उशिरा कळला. शंखातील पोकळी हाडाने भरू लागते व मग तार आत जाऊ शकत नाही. पहिल्या डॉक्टरांनी आम्हाला सहा महिने थांबायला सांगितले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून महिन्याच्या आत शस्त्रक्रिया करण्यास बजावले. तोवर तोंडाशी थोडे हाड झालेच होते. पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि सुदैवाने तार बरीचशी आत गेली. मेंदूज्वरानंतर ऐकू येत नसेल तर कोणीही वाट पाहत बसू नये.

शस्त्रक्रिया तीनएक तासांची होती. घरी आल्यावर आठ दिवस चक्कर, जिभेला चव नाही, कानाची पाळी बधिर. नाक जोरात शिंकरायचे नाही, जखमेला पाणी लावायचे नाही. पण महिनाभर आवाज काहीच नसतो, हे पाहुण्यांना समजावता समजावता वहिनी थकल्या. यंत्र नंतर, जखम भरल्यावर चालू करतात.

तो दिवस सर्वात वाईट गेला. ऑडिओलॉजिस्टनी यंत्र सुरू केले तेव्हा दादांना पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे ऐकू आले. वहिनींचा, नातवाचा आणि आमचा आवाज अगदी एकसारखा. घरी येऊन त्यांनी यंत्र कपाटात ठेवले आणि चार दिवस हात लावला नाही. एवढा पैसा घालून फसलो, असे आम्हालाही वाटले, हे कबूल केले पाहिजे. त्यातच ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुढच्या मॅपिंगची तारीख चुकली. मॅपिंग म्हणजे प्रत्येक अग्राला किती वीज सोसते ते पाहून यंत्र जुळविणे. पहिल्या वर्षात ते अनेकदा करावे लागते.

पाली वाङ्मयात कान, ध्वनी आणि सोतविञ्ञाण या तिघांच्या मेळाला फस्स म्हणजे स्पर्श म्हटले आहे. कान आणि ध्वनी यंत्राने दिले, पण विञ्ञाण बाजारात मिळत नाही. मेंदूला या नव्या संदेशांचा अर्थ शिकावा लागतो आणि तो रोजच्या सरावानेच येतो. वहिनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि दादा दुसऱ्या प्रतीवर बोट फिरवीत. पहिल्यांदा स्पष्ट कळले ते मात्र वर्तमानपत्र नव्हे, तर घरच्या वंदनेतील त्रिसरण-पंचशील. शब्द आणि लय आधीच मनात होती, त्यावर आवाज येऊन बसला. सॉन्डर्सच्या राष्ट्रगीताची गोष्ट आम्हाला त्या दिवशी उमगली.

साधारण वर्षाने दादा समोरच्या माणसाचे बोलणे ओठ न पाहता समजू लागले. भीमगीतांचा ठेका त्यांना कळतो, चाल अजूनही कळत नाही.

तरुण आईवडिलांसाठी थोडे. जन्मतः बहिऱ्या मुलाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत भाषा उचलतो, म्हणून बाळ आवाजाला दचकत नसेल तर ओएई व बेरा या चाचण्या लगेच कराव्यात. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून गरीब कुटुंबांतील मुलांच्या इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली आणि मुंबईची अली यावर जंग संस्था त्यासाठी मध्यवर्ती संस्था नेमली गेली. प्रौढांना ती मदत नव्हती. आम्हाला कर्ज काढावे लागले. हिशेब करताना शस्त्रक्रियेबरोबर बॅटऱ्या, तुटणाऱ्या केबल आणि प्रवासही धरावा. बँकेत असूनही आमचा हा हिशेब चुकला!

चुंबकाची चकती फौंड्रीत भलतीकडेच चिकटते; एकदा ती लोखंडी कपाटावर सापडली. पुढे कधी एमआरआय सांगितला तर आधी इम्प्लांटचा उल्लेख करायचा, हे दादांनी आपल्या ओळखपत्रामागे लिहून ठेवले आहे.

संस्थेच्या सभागृहात दादा पहिल्या रांगेत, पंख्यापासून दूर बसतात. लाऊडस्पीकर घुमतो, तेव्हा त्यांना काही कळत नाही. त्यांच्याशी बोलताना ओरडू नये. समोर यावे, एकेकाने बोलावे आणि कळले नाही तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगावे. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की ते यंत्र काढून खिशात ठेवतात आणि शांतपणे जेवायला बसतात.