जुनी उंची मोटार : तिचे दोष आणि तिची निगा

वैभवाची वस्तू जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, परंतु तिचा खर्च मात्र उतरत नाही. हे सत्य जितके जुन्या वाड्याला लागू आहे, तितकेच जुन्या मोटारीलाही आहे. नवी असताना जी मोटार केवळ धनिकाच्या दारात उभी राहू शकली असती, ती पंचवीस-तीस वर्षांनी मध्यम स्थितीतील गृहस्थाच्या आवाक्यात येते. साध्या नव्या मोटारीहूनही कमी दामात ती मिळते, असे पाहून भल्याभल्यांना मोह होतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना मोटारींचा नाद आहे. उद्या त्यांपैकी कोणी ना कोणी अशा व्यवहाराच्या उंबरठ्यावर उभा राहील. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे वाटते.

उदाहरणादाखल मर्सिडीज-बेंझ कंपनीची 'डब्ल्यू 124' या सांकेतिक नावाची मोटार घेऊ. जर्मनीत ती 1984 मध्ये प्रथम लोकांपुढे आली आणि 1993 पासून 'ई-क्लास' म्हणून ओळखली जाऊ लागली. या कंपनीने 1994 मध्ये भारतात आपली शाखा स्थापन केली, आणि 1995 पासून पिंपरी-चिंचवड येथे त्या वेळच्या टेल्को कंपनीच्या आवारात हीच गाडी जोडली जाऊ लागली. मजबूत बांधणीविषयी तिचा मोठा लौकिक आहे. मग अशा भक्कम गाडीत बिघाड का व्हावेत? याचे उत्तर असे की, मोटारीतील लोखंड सावकाश झिजते. परंतु तिच्यातील रबर, प्लॅस्टिक, तेल आणि पाणी ही वर्षे मोजीत असतात. गाडी धावो वा उभी राहो, त्यांचे वय वाढतच असते.

प्रथम रबराचा विचार करू. या मोटारीचे मागील प्रत्येक चाक पाच निरनिराळ्या दांड्यांनी धरून ठेवलेले असते. रस्ता कितीही खडबडीत असला तरी चाक जमिनीला नीट टेकून राहावे, हा या योजनेचा हेतू होय. परंतु या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. ते कालांतराने कडक होऊन चिरतात. मग खड्ड्यात गाडी 'धडधड' आवाज करते, वेगात असताना तिचा मागचा भाग डळमळतो आणि टायर एकाच बाजूने झिजतात. इंजिन ज्यांवर बसविलेले असते ती माऊंटिंगे खचली, म्हणजे उभ्या गाडीत थरथर जाणवते. सुट्या भागांपैकी एकेकाची किंमत थोडी असते. पण ते संख्येने पुष्कळ असल्यामुळे एकूण बेरीज मोठी होते. साध्या मोटारीत असे भाग कमी असतात. ज्या गुंतागुंतीमुळे उंची गाडीत सुख लाभते, तीच गुंतागुंत जुनेपणी खर्चाला कारण होते.

दुसरा विषय पाण्याचा. रेडिएटरमधील पाणी इंजिनातील उष्णता वाहून नेते. पाणी 100 अंशांवर उकळते, हे आपण शिकलो आहोत. परंतु प्रेशर कुकरप्रमाणे येथेही झाकणामुळे दाब वाढतो आणि उकळण्याचे तापमान वर जाते. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. वाफेने चेहरा भाजण्याचा धोका असतो. या पाण्यात कूलंट नावाचे द्रव्य मिसळावयाचे असते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा कूलंट कशाला, असा युक्तिवाद कित्येकजण करतात. परंतु इंजिनाच्या आतील भागांना गंजापासून वाचविणे हेही त्याचे काम आहे. जे लोक विहिरीचे पाणी ओतून वेळ निभावतात, त्यांच्या रेडिएटरमध्ये क्षार साचतात. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असल्याने जुनेपणी त्या ठिसूळ होऊन तडकतात. एकदा इंजिन अति तापले की हेड आणि ब्लॉक यांमधील गॅस्केट निकामी होते. तेलात पाणी मिसळून ते दुधाळ दिसू लागले, तर समजावे की दुखणे खोलवर गेले आहे. तापमानाचा काटा तांबड्या खुणेकडे झुकताच गाडी थांबविणे, हाच यावर सर्वांत स्वस्त उपाय होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याशी प्राणांचा संबंध आहे. ब्रेक ऑइल या नावावरून ते तेल असावे असे वाटते. वस्तुतः ते हवेतील ओलावा शोषून घेणारे एक रासायनिक द्रव्य आहे. आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेत त्याला ओलाव्याची वाण कधी पडत नाही. ओलावा जितका अधिक, तितके ते कमी तापमानावर उकळते. आता अशी जुनी, जड गाडी चोर्ल्याचा घाट उतरत आहे अशी कल्पना करा. वारंवार ब्रेक दाबल्याने चाकांपाशी प्रचंड उष्णता निर्माण होते, द्रव्य उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रवाप्रमाणे वाफ दाब पुढे पोचवीत नाही. ती स्वतःच दबते. पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हे द्रव्य बदलावे, आणि घाट उतरताना खालचा गिअर घालून इंजिनाकडूनही रोधाचे काम करून घ्यावे. टायरचेही तसेच आहे. त्याच्या कडेवर चार आकडे असतात. '3219' याचा अर्थ 2019 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुन्या टायरवर विश्वास ठेवू नये.

चौथा दोष तारांचा व नळ्यांचा. 1990 नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या या जातीच्या कित्येक गाड्यांत इंजिनावरील तारांचे आवरण उष्णतेने कडक होऊन भुगा होते. उघड्या तारा एकमेकींना लागल्या म्हणजे इंजिन अडखळते वा एकाएकी बंद पडते. याच्या अगदी उलट गंमत त्या काळच्या डिझेल इंजिनांत आढळते. किल्ली फिरविली तरी इंजिन चालूच राहते! अनेक डिझेल गाड्यांत इंजिन बंद करण्याचे काम एका बारीक नळीतील निर्वात करतो. ती नळी फुटली की किल्लीची आज्ञा पोचतच नाही. अशा वेळी संपूर्ण इंजिन खोलण्याची घाई करणाऱ्या मिस्त्र्यापेक्षा आधी नळी तपासणारा मिस्त्री शतपटीने बरा.

पाचवा शत्रू गंज. पावसाळ्यात पुढील काचेच्या खालच्या खोबणीत झाडांची पाने साचून पाणी जाण्याची भोके बुजतात आणि पाणी आत झिरपते. जॅक लावण्याच्या जागा आणि दारांखालील प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागचा पत्रा हीसुद्धा गंजाची गुप्त स्थाने होत. वरचा रंग चकाकत असला तरी तेथे हात घालून पाहावे. खारा वारा लागणाऱ्या गावी गाडी खालच्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवावी.

गाडी विकत घेताना इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. दुरुस्तीच्या पावत्या मागाव्या. चेसिसवरील क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा. खाजगी गाडीची नोंदणी प्रथम 15 वर्षांची असते, आणि त्यानंतर तपासणी करून दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, हे ध्यानात ठेवावे. आणि गाडी घेतल्यावर ती महिनोन्महिने झाकून ठेवू नये. बॅटरी उतरते, रबर सुकते, उंदीर तारा कुरतडतात. आठवड्यातून एकदा तरी ती चांगली तापेपर्यंत चालवावी.

सारांश, पहिला मालक अशा गाडीसाठी पैसा मोजतो आणि दुसऱ्या मालकाला पैशाबरोबर लक्षही मोजावे लागते. खिशातील सर्व रक्कम खरेदीतच संपविणाऱ्याने या वाटेस जाऊ नये. बाजारातील सर्वांत स्वस्त गाडी बहुधा अशाच एखाद्या मालकाने टाकून दिलेली असते, आणि त्याने चुकविलेला प्रत्येक खर्च नव्या मालकाची वाट पाहत असतो. उलट, ज्याच्यापाशी वही आहे, त्या वहीत तेल, पाणी, ब्रेक ऑइल बदलल्याच्या तारखा आहेत, आणि बारीकसा आवाज ऐकून थांबण्याचा संयम आहे, त्याच्या दारी तीस वर्षांची मोटारही विश्वासाने चालते.