स्वस्त परदेशी माल : घ्यावा की ठेवावा?

मैत्रिणींनो, सणासुदीला बाजारात गेलं की परदेशी चॉकलेटं, बिस्किटं, बाळाचे झुळझुळीत फ्रॉक निम्म्या किमतीत दिसतात. हात पुढे होतोच! पण आधी पाकीट उलटं करून पाहा बरं.

2008 साली चीनमध्ये दुधात पाणी घालून वर मेलामाइन मिसळलं गेलं. त्यातला नायट्रोजन तपासणीत प्रथिनांसारखा दिसतो, म्हणून भेसळ लपली. सुमारे 3 लाख बालकं आजारी पडली, काही दगावली. त्याच वर्षी आपल्या सरकारने चिनी दुधाच्या पदार्थांची आयात बंद केली. अशी भेसळ ना डोळ्यांना कळते, ना जिभेला. आपल्या हाती उरतं ते लेबल.

रीतसर आलेल्या खाद्यपदार्थावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण हवी. ही माहिती वेगळी चिकटवलेली असली तरी चालते. मात्र तारखेवरच दुसरी चिठ्ठी डकवलेली असेल, तर पाकीट निमूटपणे परत ठेवा.

कपड्यांचं काय? काही ॲझो रंगांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं सुटतात. ओला पांढरा रुमाल कपड्यावर घासा. रंग उतरला, तर तान्ह्यासाठी नको. उतरला नाही म्हणजे निर्धोक, असंही नाही. उग्र वास येत असेल तरी टाळाच. आणि नवा कपडा, स्वस्त असो वा महाग, धुतल्याशिवाय अंगात घालू नये.

स्वस्त ते सगळं वाईट नसतं. पण ज्यावर जबाबदार माणसाचं नावच नाही, ते मुलांच्या पोटात कशाला?